कोंबडीशी बोलायला बंदी नव्हती

वाडीने भागोजीचं घर वाळीत टाकलं आणि मी माझ्या काळ्या कोंबडीशी बोलायला लागले. साठी बुद्धी नाठी, असं वाडीतले म्हणाले. म्हणोत बापडे. माझी साठी केव्हाच उलटली. आणि बुद्धीचं म्हणाल, तर बैठकीला बसलेल्या सगळ्या पुरुषांची मिळून माझ्या पदराच्या एका टोकाला बांधली असती, तरी गाठ सैल राहिली असती.

आमची वाडी पालीच्या रस्त्यावरून बरीच आत, डोंगराच्या पायथ्याशी. सगळी घरं एकाच भावकीतली. कुणी माझा दीर, कुणी पुतण्या, कुणी सून. भागोजीही चुलत दीरच. त्याच्या नि माझ्या अंगणाच्या मधे चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे, बस्स. गेल्या वर्षी देवळापर्यंत गाडीरस्ता करायचं ठरलं आणि तो नेमका भागोजीच्या भातशेतीतून काढला. भागोजी म्हणाला, "मला एवढाच एक मातीचा तुकडा, बाकी सगळा कातळ. रस्ता जरा वळवून न्या." वळवता आला असता हो. पण पुरुषांची बैठक ती! एकाचा हात मिशीवर गेला की दुसऱ्याचाही जातो. शब्दाने शब्द वाढला आणि देवळात ठरलं, की भागोजीच्या घराशी कुणी बोलायचं नाही, तिकडे बघायचंही नाही, त्यांचा उंबरा चढायचा नाही, देणं-घेणं नाही, कामाला बोलवायचं नाही, वाडीतल्या एकुलत्या रिक्षावाल्याने, बाबल्याने, त्यांना रिक्षात घ्यायचं नाही. जो मोडेल त्याने देवासमोर नाक घासायचं, नाहीतर तोही वाळीत. हा कायद्याने गुन्हा आहे असं टीव्हीवर सांगतात. पण टीव्ही मुंबईत बोलतो, आमच्या देवळात धोंडू बोलतो.

हा धोंडू म्हणजे वाडीचा गावकर, वाडीतला मुख्य माणूस, आणि माझा सख्खा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याला स्वतःचं नाक पुसायची अक्कल नव्हती, माझ्याच पदराला पुसायचा. आता पूजेचा पहिला नारळ त्याच्या हाताने फुटतो, सगळ्या वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तो घालतो. आवाज खणखणीत, मन वाईट नाही, पण एकदा 'नाही' म्हणाला की म्हणाला.

बैठकीनंतर तो माझ्याकडे चहाला आला. मी कप पुढे केला नि विचारलं, "धोंडू, मी राहीशी बोलले तर रे?"

"वयनी, तुला पण देवासमोर उभं राहावं लागंल. नियम म्हंजे नियम."

"आणि माझ्या कोंबडीशी बोलले तर?"

तो खो खो हसला. "कोंबडीशी काय, रेड्याशी बोल! कोण अडवतंय तुला?"

झालं. गावकराची परवानगी मिळाली.

राही म्हणजे भागोजीची सून, मंडणगडकडची. तिचा नवरा विनोद मुंबईला एका दुकानात कामाला, गणपतीला नि मे महिन्यात येतो. भागोजीची बायको दोन वर्षांपूर्वी वारली. म्हणजे घरात म्हातारा, राही आणि चार वर्षांची सानवी. दुसरं बाईमाणूस नाही, आणि राहीला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, हे सासरी व्हायचं. गरोदर बाईला दिवसातून शंभर गोष्टी विचारायच्या असतात, आणि ही विचारणार कुणाला? चुलीला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गडग्यापाशी कोंबड्यांना दाणे टाकले आणि घसा साफ करून म्हटलं, "काळे, अगो दोन जिवांची तू! सकाळी उपाशी राहू नको. गडग्यावर पातेलं ठेवलंय, त्यात पेज नि पावट्याची भाजी हाय. कुणी उचलून नेलं तर माझ्या डोळ्यांना दिसायचं नाय हो, मोतीबिंदू वाढलाय."

राही अंगण झाडत होती. तिची केरसुणी थांबली. आधी तिने घाबरून चारी बाजूंना बघितलं, मग माझ्याकडे, मग कोंबडीकडे. आणि पदर तोंडाला लावून अशी हसली, अशी हसली, की मलाही आवरेना. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसंच. फक्त लेकीच्या जागी कोंबडी.

पोरगी हुशार. तिने सानवीला मधे घेतलं. "सानवी, आजीच्या कोंबडीला सांग गो, पेज छान होती." सानवी गडग्यावर चढून बसायची आणि गंभीर चेहऱ्याने सांगायची, "काळे, आई म्हणते पेज छान होती. आणि लाडू पाहिजे." लाडवाचं आई म्हणालेली नसायची, ते मला कळायचं. पण कोंबडीने कबूल केलं म्हटल्यावर लाडू करावेच लागत.

मग हा रोग वाडीत पसरला. माझी धाकटी जाऊ मालन, म्हणजे खुद्द धोंडूची बायको, म्हशीला घेऊन भागोजीच्या दारावरून जाताना ओरडायची, "अगो म्हशी, पालीला रेशनचे तांदूळ आलेत, उद्या संपतील हां!" एकीने मांजराला बाळंतकाढा सांगितला. आमच्या वाडीतल्या जनावरांना इतकं ज्ञान या आधी कुणी दिलेलं नव्हतं. पुरुषांना हे कळत नव्हतं असं नाही. पण बायकोला "म्हशीशी बोलू नको" असं बैठकीत कोण सांगणार?

हसलो खूप, पण हसून पोट भरतं का? भागोजीला वाडीत कुणी कामाला बोलवेना, तेव्हा तो या वयात चिरेखाणीवर जायला लागला. लाल धूळ छातीत बसली. त्याचा खोकला मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. पूर्वी भजनात पखवाज तोच वाजवायचा. धोंडू गायचा नि हा वाजवायचा, लहानपणापासूनची जोडी त्यांची. आता देवळात भजन सुरू झालं की हा ओटीवर बसून गुडघ्यावर बोटं वाजवायचा. सानवीच्या शेजारी अंगणवाडीत कुणी बसेना, पोर झोपेत दचकायला लागली. आणि राही? जवळच्या दुकानातून सामान मिळेना, म्हणून वरच्या रस्त्यापर्यंत चालत जायची, ओझं डोक्यावर घेऊन यायची. अंडं असलं तर पोरीला, मासा असला तर सासऱ्याला. आपण सुकट आणि भात. गडग्यावरच्या माझ्या पातेल्याने किती पुरं पडणार? मला राग यायचा. धोंडूचा यायचा, वाडीचा यायचा, नि बैठकीत बायकांना बसायला देत नाहीत म्हणून गप्प बसलेल्या माझाही यायचा.

खालच्या वाडीतली आशाताई, मृणाली, ती मात्र न चुकता राहीकडे यायची. तिला आमचा नियम लागू नव्हता. पण राहीच्या आठव्या महिन्यात बघा गंमत, ती स्वतःच बाळंत झाली. मग राहीची तपासणी राहिली. पालीला चालत जाणं जमेना, आणि बाबल्याची रिक्षा तिच्यासाठी थांबेना.

मार्गशीर्ष लागला. देवळाच्या वर्षाच्या पूजेला एक दिवस राहिला. मुंबईकर रात्री गाड्या भरून निघणार होते. सकाळपासून पुरुष देवळात पताका बांधत होते, बाबल्या रिक्षातून केळीचे खांब उतरवत होता, धोंडू गाऱ्हाण्यासाठी घशाला मध-आलं लावून फिरत होता. मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले तर राही गडग्याला टेकून उभी. तोंड एवढं सुजलेलं की डोळे बारीक झालेले. पायांचे तर घोटेच दिसेनात.

"काळे," मी म्हटलं, "डोकं दुखतं का गो?"

तिने सानवीला हाक मारली नाही. "दुखतं काकी. कालपासून. आणि डोळ्यांपुढे चमकतं."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. माझी धाकटी बहीण चिमा. तिचं असंच तोंड सुजलं होतं, असंच डोळ्यांपुढे चमकलं होतं. "बाळंतपणात सुजतंच" असं सगळे म्हणत राहिले. मग झटके आले आणि बाळासकट गेली. मी तेव्हा तिच्या उशाशी होते. ते तोंड मी जन्मात विसरणार नाही, आणि आता तेच तोंड गडग्यापलीकडून माझ्याकडे बघत होतं.

कसली कोंबडी नि कसलं काय! मी सरळ म्हटलं, "राही, पिशवीत दोन कपडे घाल आणि रस्त्याला येऊन उभी राहा. आत्ता."

मी एकशेआठला फोन लावला. तिकडचा पोरगा गोड बोलला, पण म्हणाला, "आजी, गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलीय, तास-दीड तास लागेल." भागोजी खाणीवर. राहिली बाबल्याची रिक्षा. आता बाबल्या वाईट माणूस नाही हो. पण पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न. वाळीत पडला तर मांडवात कुत्रंही येणार नाही, ही त्याला भीती. मी जाऊन सांगितलं असतं तर त्याने धोंडूकडे बघितलं असतं, धोंडूने बैठक बोलावली असती, बैठकीला आधी चहा आला असता. तोपर्यंत इकडे काय झालं असतं ते मला ठाऊक होतं.

म्हणून मी मरायला लागले.

अंगणाच्या मधोमध आडवी झाले आणि जी बोंब ठोकली, "मेले गो बायांनो मेले!" पताका बांधायला शिडीवर चढलेले खाली उतरले. धोंडू धावत आला, एका पायात चप्पल, एका पायात नाही.

"वयनी! वयनी गो! काय होतंय?"

"छातीत कळ आलीय रे!" छातीत नेमकी कुठे येते ते आयत्या वेळी आठवेना, म्हणून दोन्ही हात दोन्हीकडे ठेवले.

"बाबल्या, रिक्षा काढ!" धोंडू ओरडला, आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. मला जरा वाईट वाटलं. जराच. चौघांनी उचलून मला रिक्षात घातलं. मी काही हलकी नाही, पण त्या दिवशी त्यांना जड वाटले नसेन. मालन रडत रडत माझ्या शेजारी चढायला लागली, तशी मी एक डोळा उघडला.

"तू नको. तू रडून मला आधीच पोचवशील. धरायला मला राही पायजे."

सगळ्यांनी रस्त्याकडे बघितलं. राही पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती, सानवी तिच्या साडीला धरून.

"वयनी," धोंडू हळू आवाजात म्हणाला, "ती वाळीतली गो."

"धोंडू, मी मरतेय. मरणाऱ्याची इच्छा मोडणार तू? मोड. पण मग मी वर जाणार नाय, सांगून ठेवते. तुझ्या अंगणातल्या फणसावर येऊन बसेन, नि रोज तू जेवून आडवा झालास की हाक मारीन."

आमच्याकडे बिबट्या अंगणात आला तर त्याला काठीने हाकलतात. पण फणसावरून येणाऱ्या हाकेला कुणी हाकलू शकत नाही. धोंडूचा चेहरा केळीच्या गाभ्याइतका पांढरा झाला.

"बसवा तिला!" तो ओरडला. "पण तिच्याशी कुणी बोलू नका हां!"

"मी कशाला बोलू? मी तर मरतेय," मी म्हटलं.

राही चढली. सानवी रडायला लागली, तर मालनने मागचा-पुढचा विचार न करता तिला उचलून कडेवर घेतलं. अख्ख्या वाडीने बघितलं, आणि कुणी काही म्हणालं नाही.

पुढे बाबल्या, त्याच्या शेजारी अर्धा आत अर्धा बाहेर धोंडू, मागे आम्ही दोघी. वळणं सुरू झाली तशी राहीने माझ्या खांद्यावर मान टाकली. मी तिला घट्ट धरलं. धोंडूने मागे वळून बघितलं. "वयनी, तिने तुला धरायचं की तू तिला?"

"आई गं!" मी ओरडले. दुसरं काय करणार?

रत्नागिरीच्या वाटेवर, हातखंब्याच्या अलीकडे राहीला उलटी झाली. धोंडूने रिक्षा थांबवायला लावली आणि खाली उतरून मागे आला. त्याने तिचं तोंड बघितलं, मग पाय बघितले. इतके महिने त्या बाजूला न बघण्याचा नियम त्याने पाळला होता, त्याला हे सगळं एकदमच दिसलं. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, पाण्याची बाटली उघडली.

"वयनी," तो म्हणाला, "तोंड धुऊन घे. उलटी झाली की जरा बरं वाटतं. घाबरू नको, आलंच रत्नागिरी."

उलटी मला झालेलीच नव्हती. आणि बाटली त्याने राहीच्या हातात दिली होती.

मेल्याने मला कोंबडी केलं! मला इतका आनंद झाला की मी कण्हायचीच विसरले. राहीने तशा अवस्थेतही माझ्याकडे बघून ओठ दाबले. "बाबल्या, जोरात घे रे," धोंडू म्हणाला, "वयनीला सोसत नाय." बाबल्या जोरात म्हणजे असा जोरात सुटला, की आता आपण चौघंही खरंच मरतो असं मला वाटलं.

सिव्हिलच्या दारात धोंडू ओरडायला लागला, "माझ्या वयनीला बघा हो आधी!" मी टुणकन उतरले.

"मला काय धाड भरलीय? हिला बघा! तोंड सुजलंय, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, नववा लागलाय!"

समीक्षा नावाची नर्स होती, चुणचुणीत. तिने एक शब्द न विचारता राहीला चाकांच्या खुर्चीवर बसवून आत नेलं. धोंडू माझ्याकडे बघतच राहिला.

"वयनी... तुला कळ...?"

"नव्हती."

"तू मला फसवलंस?"

"फसवलं. जा, देवासमोर उभी करतोस तर कर. पण आधी ती जगू दे."

तेवढ्यात समीक्षा परत आली आणि म्हणाली, "आजी, आलाच आहात तर तुमचंही प्रेशर बघते." तिने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, बघितलं, परत फुगवला. "आजी, तुमचं तर त्या ताईंपेक्षा जास्त आहे! गोळी घेता की नाही?" कसली गोळी? जन्मात कुणी माझा दंड असा धरला नव्हता. तिने मला तिथल्याच बाकावर आडवं केलं. म्हणजे मी नाटक करून आले आणि पेशंट खरी निघाले.

"बघ," मी धोंडूला म्हटलं, "अर्धंच फसवलं."

त्याला हसावं की रडावं ते कळेना. तो माझ्या पायाशी बसला. "मला ठाऊक नव्हतं गो, ती एवढी आजारी हाय ते."

"कसं असेल? बघायचं नाही, असं तूच तर ठरवलंस."

डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या, पण आवाजात दम. "राहीसोबत कोण आहे? ऑपरेशन आत्ताच करावं लागेल. थांबलो तर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका आहे. सही कोण करणार?"

विनोदला मी मरायला लागण्याआधीच फोन केला होता, तो मुंबईहून निघाला होता, रडत होता. भागोजीला खाणीवर निरोप गेला होता. मी उठायला लागले तर समीक्षाने दाबून झोपवलं. बाईंनी धोंडूकडे बघितलं. "तुम्ही? कोण तुम्ही तिचे?"

धोंडूने माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले. मेलेल्या माणसाने काय सांगायचं?

त्याने घसा खाकरला. ज्या आवाजात गाऱ्हाणं घालतो त्या आवाजात नाही, अगदी बारीक आवाजात म्हणाला, "सासरा. चुलत सासरा मी तिचा."

मी डोळे मिटलेलेच ठेवले. उघडले असते तर पाणी दिसलं असतं.

तो वेळ कसा गेला ते विचारू नका. धोंडू दारासमोर फेऱ्या मारत होता. मी सगळ्या देवांना, आणि त्यांच्यात माझ्या चिमालाही, हाका मारत होते. बाबल्याने तीन वेळा चहा आणला आणि तिन्ही वेळा तोच प्यायला. आणि मग आतून रडणं ऐकू आलं. असं रडणं, की बाबल्याच्या हातातला कप सांडला.

"मुलगी," समीक्षा दारात आली, हातात गाठोडं. "वजनाला थोडी कमी आहे, आवाजाला नाही. आईचं प्रेशर उतरतंय, ताई शुद्धीवर आहेत. घ्या आजोबा, एक मिनिट धरा, मग काचेच्या पेटीत ठेवायचंय."

आणि तिने ते गाठोडं धोंडूच्या हातात दिलं. धोंडू असा उभा राहिला की श्वास घेतो की नाही ते कळेना. मी बाकावरून उठून बघायला गेले. लाल लाल तोंड, मिटलेले डोळे, आणि मधोमध फुगलेलं नाक! आमच्या भावकीचं नाक! धोंडूला तेच, भागोजीला तेच, माझ्या नवऱ्याला तेच होतं. मुंबईच्या गर्दीतही आमची माणसं त्या नाकावरून सापडतात.

"नाक बघ," मी म्हटलं.

"बघितलं," धोंडू म्हणाला. त्याच्या त्याच तसल्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत होतं.

समीक्षा बाळ घेऊन गेली. धोंडू बाकावर बसला आणि आपल्या तळहातांकडे बघत राहिला. मला कळलं त्याच्या मनात काय चाललंय ते. आमच्याकडे भावकीत मूल जन्मलं की सगळ्या भावकीला दहा दिवस सोयर. देवाला हात लावायचा नाही, पूजा करायची नाही, नारळ फोडायचा नाही, गाऱ्हाणं घालायचं नाही. बैठकीत बाकी सगळं ठरवलं त्यांनी. बोलणं बंद, जाणं बंद, रिक्षा बंद. पण सोयराचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. भागोजीचं घर आपलं नाही म्हणावं, तर सोयर नाही, उद्याची पूजा थाटात होईल, धोंडू पहिला नारळ फोडेल, मुंबईकर टाळ्या वाजवतील. आणि घर आपलं आहे म्हणावं, तर अख्ख्या वाडीत देवाला हात लावणारा एक माणूस उरत नाही. माणसांना फसवता येतं, मी आत्ताच फसवलं होतं. पण सोयर लपवून देवाला शिवायचं? धोंडूची छाती तेवढी नव्हती.

मी त्याला काही म्हणाले नाही. माझ्यासारखी बाई गप्प बसली, यावरून काय ते समजा.

तेवढ्यात भागोजी आला. खाणीवरून तसाच उठून आलेला, डोक्यापासून पायापर्यंत लाल धूळ, धापा टाकत, खोकत. त्याने मला बघितलं, मग धोंडूला बघितलं, आणि दारातच थांबला. आत यायला त्याचा पाय उचलेना. मी ओरडून सांगितलं, "भागोजी, सून बरी हाय! नात झाली!" त्याने हात जोडले. कुणाला जोडले, देव जाणे.

धोंडू उठून उभा राहिला. दोघं म्हातारे एकमेकांसमोर उभे. एकत्र गुरं राखलेले, एकत्र भजन केलेले. आणि धोंडूचा फोन वाजला.

मालनचा फोन. तिचा आवाज फोनशिवायही वाडीहून रत्नागिरीला पोचेल. "अहो, वयनी कशा हायत? आणि इकडं सगळे विचारतायत, उद्याच्या पूजेचा कलश तुम्ही येऊन मांडणार की कुणी मांडून ठेवू?"

"कुणी मांडू नको," धोंडू म्हणाला. "देवाला कुणी हात लावू नका. मुंबईकरांना सांग, पूजा दहा दिवसांनी. वाडीला सोयर हाय."

"सोयर? कसलं सोयर?"

"मुलगी झाली."

"अगो बाय! कुणाकडं?"

धोंडूने भागोजीकडे बघितलं.

"आपल्याकडं गो," तो म्हणाला. "आपल्याकडं."